खानदेशचा उन्हाळा आणि घरचे ससे

कोंबडी, बकरी व म्हैस ह्यांचे पालन आमच्या खेड्यांतील मनुष्यास नवे नाही. परंतु मांसाकरिता घरी ससे पाळणे हा उद्योग ह्या बाजूस अद्याप विरळाच आहे. त्याविषयी जे काही कानावर येते ते बहुधा ससे विकणाऱ्याच्या तोंडून येते, आणि त्यात एक गोष्ट नेमकी वगळलेली असते. ती म्हणजे आमचा उन्हाळा. थंड मुलखात बसविलेला हिशेब अमळनेर, पारोळा, चोपडा अशा तालुक्यांत जसाच्या तसा लागू पडत नाही. ससा येथे जगतो, वाढतो, पिल्लेही देतो. मात्र बाराही महिने नव्हे. हे ओळखून जो दोन माद्या व एक नर पाळील त्याच्या घरी मांस शिजेल. हे न ओळखता जो कर्ज काढून शंभर ससे आणील त्याचे भांडवल वैशाखातच नाहीसे होईल.

प्रथम ससा कोणता, हे पाहू. आपल्या भाषेत एकाच शब्दाने दोन निराळी जनावरे ओळखली जातात. शेतातून व माळावरून पळणारा रानससा हा बीळ करीत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस व डोळे उघडे अशी जन्मतात. पिंजऱ्यात पाळावयाचा ससा हा मूळचा युरोपच्या नैर्ऋत्य टोकाचा, बिळात राहणारा. त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात. ह्या दोहोंचा संकर होत नाही. रानससा धरून आणून पाळू म्हटले तर तो पिंजऱ्यात तग धरीत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्यास धरणे वा मारणे हा गुन्हाही आहे. पारधीची जुनी सवय असलेल्या गावांत ही गोष्ट स्पष्ट सांगून ठेवणे बरे. पाळीव सशांत सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट व न्यूझीलंड व्हाइट ह्या जाती मांसाकरिता आपल्या देशात प्रचलित आहेत.

मंडळीत एक शंका निघेल, तिचाही येथेच विचार करू. लेवीय ११ व अनुवाद १४ ह्या अध्यायांत ससा रवंथ करणारा पण खूर न चिरलेला म्हणून वर्ज्य गणला आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०, ज्याने वाचला आहे त्यास ह्या बंधनाविषयी अधिक सांगावयास नको. तथापि ज्याच्या मनास पटत नाही त्याच्या ताटात ते आग्रहाने वाढू नये. रवंथाचा उल्लेख मात्र ससे पाळणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ससा गाईसारखा रवंथ करीत नाही, पण तो आपल्या लेंड्यांपैकी मऊ असतात त्या थेट गुदापाशी तोंड नेऊन पुन्हा खातो, व अन्नातील सत्त्व दुसऱ्यांदा काढून घेतो. नवीन मनुष्य हे पाहून ससा आजारी आहे असे समजतो. तो आजारी नसतो. ते त्याचे रोजचे पचन आहे.

आता उन्हाळ्याकडे वळू, कारण सर्व काही त्यावर अवलंबून आहे. सशास घाम येत नाही म्हटले तरी चालेल. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांतून व श्वासातून बाहेर टाकतो. १५ ते २५ अंशांपर्यंत तो सुखात असतो, ३० अंशांच्या पुढे खाणे कमी करतो, आणि ३५ च्या पुढे धापा टाकू लागतो. गाभण मादी अशा वेळी सर्वांत आधी दगावते. सशाच्या रक्ताची उष्णता सुमारे ३९ अंश असते. हवा त्याहून अधिक तापली म्हणजे कानांतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते, आणि मोठे कान जे एरवी तारक ते मारक होतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो, हे ज्याने दुपारी बोरी नदीचे कोरडे पात्र ओलांडले आहे त्यास ठाऊक आहेच.

म्हणून पिंजरा कोठे ठेवावयाचा हा पहिला प्रश्न, आणि कसा करावयाचा हा दुसरा. पत्र्याच्या छपराखाली ससे ठेवणे म्हणजे त्यांस तव्यावर ठेवणे होय. जुन्या धाब्याच्या घराची ओसरी ह्या कामास उत्तम. मातीचे जाड छत दिवसाचे ऊन पुष्कळ वेळ आत येऊ देत नाही. धाबे नसेल तर दाट निंबाखाली गवताचे वा तुराट्यांचे जाड छप्पर करावे व त्याच्या चारी बाजू मोकळ्या ठेवाव्या. दुपारी वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट टांगावे, पण दुसरी बाजू उघडी असावी. कोंडलेल्या दमट हवेत मुताचा उग्र वास साचतो आणि सशांचे नाक वाहू लागते. घरात फ्रीज असेल तर पाण्याने भरलेली बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावी; ससा तिला अंग लावून पडतो. कान ओल्या हाताने पुसणे हाही चांगला उपाय आहे.

मिसर व ट्युनिशिया ह्या उष्ण देशांतील शेतकरी सशांकरिता जमिनीत कोनाडे करतात, कारण जमिनीच्या पोटात उन्हाळा उशिरा पोहोचतो. आमच्याकडे जुना रांजण आडवा पुरून त्याचे तोंड पिंजऱ्यात उघडेल असे केले तर तेच काम होईल. मात्र हे मुरमाड जमिनीतच करावे. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरते. तिच्यात पुरलेला रांजण मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात भरून जाईल.

मोठ्या सशास सुमारे अडीच फूट लांब, दोन फूट रुंद व दीड फूट उंच इतकी जागा पुरे. तळ जाळीचा असावा, म्हणजे लेंड्या खाली पडतील. जाळी पायास टोचत असेल तर एका कोपऱ्यात फळी टाकावी. पिंजरा जमिनीपासून कमरेइतका उंच ठेवावा. मांजर, मुंगूस, कुत्रे आणि साप ह्यांची नजर त्यावर असतेच, आणि घुशी व उंदीर पिल्ले ओढून नेतात. प्रत्येक मोठा ससा वेगळा ठेवावा. दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांस फाडतात.

उन्हाळ्यात न मेलेला नरही कामाचा राहतोच असे नाही. मोठ्या उष्णतेने त्याचे वीर्य निर्बल होते, आणि थंडावा आल्यावर ते पूर्ववत होण्यास सात-आठ आठवडे लागतात. पाऊस पडला, रात्री गार झाल्या, म्हणून जून-जुलैत मादी दाखविली तर ती बहुधा फळत नाही. मग मालक मादीस वांझ ठरवून विकून टाकतो. दोष मादीचा नसतो. आमच्या मते खानदेशात पहिली जोडी ऑगस्टच्या मध्यास, म्हणजे बहुधा श्रावणात, लावावी. मादी ३१ दिवसांच्या सुमारास विते, म्हणून पहिले वेत सप्टेंबरच्या मध्यास येईल. पिल्ले पाच आठवड्यांची झाली की आईपासून तोडावी आणि त्याच सुमारास मादी पुन्हा नराकडे न्यावी. दुसरे वेत नोव्हेंबरात, तिसरे जानेवारीच्या अखेरीस. तेथे थांबावे. जानेवारीची पिल्ले एप्रिलच्या मध्यास बारा आठवड्यांची होतात व खरे ऊन सुरू होताच पिंजरे रिकामे होतात. मग उन्हाळाभर थोडी मूळ जनावरे तेवढी सांभाळावयाची.

जोडी लावताना मादीस नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नरास मादीकडे नेऊ नये. ती आपल्या जागेत परक्यास चावते. गाय-म्हशीप्रमाणे सशाच्या मादीचा माज ठराविक दिवसांनी येत नाही. नराचा संग झाल्यावर सुमारे दहा तासांनी तिची अंडी सुटतात, म्हणून काही वेळाने दुसऱ्यांदा नर दाखविणे लाभाचे असते. मादी पाच-सहा महिन्यांची व अडीच किलोंच्या वर गेलेली असावी. तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावी, कारण २८ व्या दिवशी विण्याची पेटी आत ठेवावयाची असते. पेटीत कोरडे मऊ गवत घालावे. मादी आपल्या पोटाचे केस उपटून त्यात अंथरूण करते. व्याल्यावर पुष्कळ घरी एकच घाबरगुंडी उडते की, आई पिल्लांजवळ जातच नाही. ती दिवसातून बहुधा एकदाच, थोडी मिनिटे पाजते. सकाळी पिल्लांची पोटे गोल दिसली की समजावे, काम ठीक चालले आहे. डोळे दहाव्या-बाराव्या दिवशी उघडतात. भावंडांची जोडी लावू नये. दोन गावच्या घरांनी आपले नर अदलून घेतले म्हणजे ही अडचण फुकट सुटते.

चाऱ्याचा विषय आमच्या शेतकऱ्यास सोपा आहे. हरळी, लसूणघास, शेवरी, हादगा, शेवगा, हरभऱ्याचा व तुरीचा पाला, भुईमुगाचा वाळलेला पाला, हे सर्व चालते. हिरवा चारा कापून अर्धा दिवस सुकवावा. दवाने भिजलेला वा ढिगात तापलेला चारा पोट फुगवितो. कोरडे गवत नेहमी पुढे असावे, कारण सशाचे आतडे तंतूंवरच नीट चालते. वर मूठभर भरडलेली ज्वारी, बाजरी अथवा मका व कोंडा. पाजणाऱ्या मादीस त्याच्या दुप्पट. पेंडीविषयी मात्र सावध राहावे. जेथे १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही तेलातुपाची कंपनी निघाली त्या अमळनेरात पेंड म्हणजे काय हे कोणास शिकवावयास नको, आणि म्हशीस सरकीची पेंड घालणाऱ्या घरात तीच सशापुढे टाकण्याचा मोह होतो. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. म्हशीचे मोठे पोट ते बरेचसे निष्फळ करते, सशाचे करू शकत नाही, आणि नराच्या वीर्यासही ते बाधते. भुईमुगाची पेंड थोडी चालेल, पण बुरशीचा वास येत असेल तर मुळीच नको. सुबाभूळ फार दिल्यास केस गळतात. ज्वारीचे कोवळे फुटवे गुरांस जसे विषारी तसेच सशांस. आणि कपाशीच्या बांधावरील गवत, त्या शेतात फवारणी झाली असेल तर, कितीही हिरवे दिसले तरी आणू नये. पाणी चोवीस तास पुढे असावे. पाजणारी मादी उन्हाच्या दिवसांत लिटरभराहूनही अधिक पिते.

रोगांपैकी पिल्लांस हगवण लावणारा कॉक्सिडियोसिस हा सर्वांत घातक, आणि तो ओल्या घाणीतून पसरतो. जाळीचा तळ कोरडा ठेवणे हाच निम्मा इलाज. कानांत खरूज होते, ती पाळणाऱ्याच्या हातासही लागू शकते. औषध तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच आणावे. माणसांकरिता आणलेल्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या सशास चारल्यास त्याच्या आतड्यातील उपकारक जंतू मरून ससाच मरतो.

आता हिशेब. दोन माद्या, प्रत्येकीची तीन वेते, आणि वेतागणिक पाच पिल्ले हाती लागली असे धरू. जन्मतात सहा ते आठ, पण सर्व वाचत नाहीत. वर्षाची तीस जनावरे झाली. बारा आठवड्यांचे जनावर नीट खाल्ल्यास दोन किलोंच्या आसपास भरते, व त्याचे निम्मे मांस निघते. म्हणजे डिसेंबर ते एप्रिल ह्या महिन्यांत आठवड्यास एक-दीड ससा, मिळून सुमारे ३० किलो मांस. उरलेले सात महिने काही नाही. त्या दिवसांकरिता कोंबड्या आहेत. ज्या घरात मुलांस महिन्यातून एकदा मांस दिसते त्या घरास ही प्राप्ती लहान नव्हे. (मुलांनी एखाद्या सशाचे नाव ठेवले तर तो ससा जेवणात येत नाही, हेही हिशेबात धरावे.)

ह्याच्या उलट, वर्षाला सात-आठ वेते, आणि होतील तितकी पिल्ले आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे सांगत दहा-दहांचे संच विकणारे लोक गावोगाव फिरतात. संचात बहुधा सात माद्या व तीन नर असतात. वास्तविक आठ-दहा माद्यांस एक नर पुरतो, तेव्हा दोन नरांचे पैसे उगीच जातात. सात वेते थंड घरात, विकतच्या खुराकावर व विल्याबरोबर मादी पुन्हा लावून निघू शकतील. अमळनेरात निघणार नाहीत. परत घेतलेली पिल्ले हे लोक खाटकास देत नाहीत, पुढच्या गिऱ्हाइकास संच म्हणून देतात. नवे गिऱ्हाईक थांबले की खरेदीही थांबते. २०१२ साली तमिळनाडूतील पेरुंदुराई येथे ईमू पक्ष्यांची योजना अशीच कोसळली, आणि २०१९ साली सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे अडकले. अशा विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: जळगाव किंवा धुळे येथील कोणता खाटीक आज ह्या सशाचे मांस विकतो, आणि किलोस किती घेतो? उत्तर मिळाल्यास स्वतः जाऊन त्या दुकानी चौकशी करावी. कागदावर सही करावयाची ती त्यानंतर.

मूळ जनावरे आणावयाची ती कोठून, हाही प्रश्न हवेचाच आहे. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली स्थापलेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत मांसाच्या सशांवर काम झाले आहे, आणि तो मुलूख आमच्यासारखाच तापतो. त्याच संस्थेचे दक्षिणेतील केंद्र मन्नवनूर येथे कोडाईकनालच्या थंड डोंगरांत आहे. तेथले जनावर सुंदर असते, पण त्याने आमचा मे महिना पाहिलेला नसतो. शक्य तर आमच्याच बाजूच्या एखाद्या पाळणाऱ्याकडून, एक उन्हाळा काढलेली जनावरे घ्यावी, आणि तीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात. घेताना कानांच्या आत खपली नाही, नाक कोरडे आहे, पुढच्या पायांचे केस शेंबडाने चिकटलेले नाहीत आणि शेपटीखालचा भाग स्वच्छ आहे, हे पाहावे. प्रवास रात्रीचा करावा व पाटीवर ओले फडके असावे.