एका मालाला एक पान : किल्लारीच्या दुकानदारासाठी लँडिंग पेज

इंटरनेटवर नुसते 'किल्लारी' असे टाकून पाहावे. बहुतेक वेळा पुढे येतो तो ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. ते साहजिकही आहे. त्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. पण त्यानंतर गाव नव्या जागी वसले, दुकाने पुन्हा उघडली. आज किल्लारीत शेरवानी कोण शिवून देतो, हे ज्याला पाहिजे त्याच्या हाती मात्र जुन्या बातम्याच लागतात. मग तो लातूर गाठतो, नाही तर मोठ्या कंपनीच्या ॲपवर माल मागवतो. गिऱ्हाईक गावाजवळचे, पैसा बाहेर. आमच्या धंद्यातील बंधूंनी याचा विचार करावा.

काही जणांनी वेबसाइट केली आहे. तिच्या पहिल्या पानावर मालकाचा फोटो, दुकानाचा इतिहास आणि 'सर्व प्रकारचे कापड मिळेल' हे वाक्य. जाहिरात ईदच्या कुर्त्याची आणि गिऱ्हाईक येऊन पडते या पानावर. कुर्ता शोधायला त्याला सवड नसते. जाहिरातीवर बोट ठेवल्यावर माणूस ज्या पानावर उतरतो त्याला लँडिंग पेज म्हणतात. ते वेबसाइटच्या पहिल्या पानाहून वेगळे असावे. आपण गादीवर बसून काय करतो? गिऱ्हाईकाने लट्ठा मागितला तर सगळे गोदाम दाखवत नाही, लट्ठ्याचे थान उलगडतो. लँडिंग पेज म्हणजे ते उलगडलेले थान.

समजा, एका शिलाई कारागिराला ईदसाठी कुर्ता-पायजम्याच्या ऑर्डरी हव्या आहेत. पानाच्या माथ्यावर जाहिरातीतलेच शब्द यावेत : 'किल्लारीत कुर्ता-पायजमा शिवून मिळेल, सात दिवसांत'. खाली आपल्याच हातच्या कामाचे तीन-चार फोटो, दिवसाच्या उजेडात काढलेले. कॉलर आणि काजाचा फोटो जवळून घ्यावा, जाणकार तेच पाहतो. दुसऱ्याचे फोटो उचलून लावू नयेत. कपडा हातात आला की लबाडी उघडी पडते. मग किंमत. भाव लपवून 'फोन करा' लिहिण्याची खोड आपल्या बाजारात फार आहे. आमच्या मते भाव लिहावाच, निदान 'अमुक रुपयांपासून' असा तरी. शिवलेला कपडा परत घेणार नसाल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि मापाची दुरुस्ती फुकट करून देणार असाल तर तेही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता, एकूण किंमत, परतीच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करायची हे दाखवणे बंधनकारक आहे. परराज्यात माल पाठवायचा असेल तर आधी कर सल्लागाराला विचारावे, कारण उलाढाल लहान असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते.

शेवटी एकच बटण : 'व्हॉट्सॲपवर विचारा'. पाच बटणे दिली की माणूस एकही दाबत नाही.

फोटो जड ठेवू नयेत. मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर निम्म्याहून अधिक लोक निघून जातात, असे गूगलने २०१६ साली सांगितले होते. खेड्यात नेटवर्कची रड असतेच, म्हणून फोटो लहान करूनच चढवावेत.

भाषेविषयी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, तरी पानावर मराठीच असावी असे आम्ही म्हणतो. औशाचा आणि उमरग्याचा गिऱ्हाईक तीच वाचतो. मात्र अनेक जण रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, तेव्हा गावाचे आणि मालाचे नाव त्या अक्षरांतही एकदा यावे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, तीही करावी. खूण स्वतः दुकानात उभे राहून लावावी, नाही तर गिऱ्हाईक जुन्या गावठाणात जाऊन उभे राहायचे.

आता प्रसार. आधी फुकटचे मार्ग : व्हॉट्सॲप स्टेटस, पिशवीवर आणि पावतीवर क्यूआर कोड. मग फेसबुकवर थोड्या पैशांची जाहिरात, तीही किल्लारीच्या आसपासच्या तीस किलोमीटरपुरती. हिशेब मात्र वहीत मांडावा. समजा ५०० रुपये खर्चून १०० माणसे पानावर आली, पाच जणांनी विचारले आणि दोघांनी ऑर्डर दिली, तर एका ऑर्डरीमागे २५० रुपये गेले. एका जोडामागे नफा ३०० असेल तर हाती पन्नास उरतात. अशा वेळी जाहिरातीचा खर्च वाढवू नये, आधी पान सुधारावे. शंभरातून पाचच का बोलले? भाव दिसला नाही, की फोटो अंधारे होते? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, दोन बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही. पाच जणांनी विचारूनही दोघेच घेतात, तेव्हा मात्र पानाकडे नव्हे, आपण जबाब किती उशिरा देतो याकडे पाहावे.

ईद झाली की ते पान काढून टाकू नये. त्याच पत्त्यावर लग्नसराईचा माल लावावा, म्हणजे पिशव्यांवर छापलेला क्यूआर कोड वाया जात नाही.