चाल मागे घेताना



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५.

भगवंत अर्जुनाला सांगतात की माणसानं स्वतःच स्वतःला वर काढावं, खचू देऊ नये. कारण आपणच आपले मित्र असतो आणि आपणच आपले शत्रू. श्लोक शाळेपासून पाठ आहे. पण त्यातला 'शत्रू' मला गेल्या महिन्यात दिसला, तोही घरच्या लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळताना.

स्टॉकफिश नावाचं एक मोफत इंजिन आहे. त्याची ताकद ० ते २० अशी कमीजास्त करता येते. मी ती ५ वर ठेवून रोज रात्री एक डाव खेळायचो. एकदा घोडा मारायच्या नादात माझा वजीर गेला. बाजूलाच चाल मागे घ्यायचं बटण होतं. दाबलं. वजीर परत आला आणि मी जिंकलो! मग सवयच लागली.

लहानपणी बाबांबरोबर खेळताना नियम एकच होता : हात लावला, ती सोंगटी खेळायची. त्यांच्यासमोर चाल परत मागायची हिंमत व्हायची नाही. इथे मात्र कोण बघतंय?

एका रात्री मोजलं. एका डावात सात वेळा चाल मागे घेतली होती. जिंकलो खरा, पण हरवलं कुणाला? इंजिनाला ना हरल्याचं दुःख, ना जिंकल्याचा आनंद. ते समोरचा पट बघतं, पुढच्या चाली आणि त्यांची उत्तरं तपासतं आणि खेळतं. फसवायला त्या खोलीत मी एकटाच होतो.

मन शत्रू होतं त्याची ही एक तऱ्हा झाली, खोटं समाधान देण्याची. दुसरी तऱ्हा याच्या उलट आहे. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाशी सहा डावांचा सामना खेळत होता. दुसऱ्या डावात त्यानं हार मानली. नंतर त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सतत शह देत राहून डाव बरोबरीत सोडवायची वाट पटावर दिसत होती. पुढे तो सामना २.५–३.५ असा हरला. एवढा मोठा खेळाडू, पण पटावर संपायच्या आधीच डाव त्याच्या मनात संपला होता. 'खचू देऊ नये' हे भगवंत का सांगतात, ते इथे कळतं.

आता माझी गोष्ट. गेल्या सोमवारी ऑफिसच्या शीटमध्ये माझ्याकडून एक बेरीज चुकली. फाइल वरपर्यंत गेली होती आणि संशय माझ्या ज्युनियरवर होता. गुपचूप आकडा बदलणं सहज शक्य होतं. बोट अक्षरशः कीबोर्डवर होतं. तेव्हा ते बटण आठवलं. रोज रात्री मी नेमका हाच सराव करत होतो!

सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, चूक माझी आहे." बोलणी खाल्ली. पण त्या रात्री झोप शांत लागली.

याच अध्यायात पुढे अर्जुन म्हणतो, की मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य, असे दोन उपाय देतात. पटावर त्याचा मी लावलेला अर्थ साधा आहे. हरलेला डाव पुन्हा मांडून चूक कुठे झाली ते बघणं हा अभ्यास, आणि जिंकल्याचा आकडा सोडून देणं हे वैराग्य.

आता मी चाल मागे घेत नाही. त्यामुळे बहुतेक डाव हरतो, पण हरतो तो मी असतो.

आजचा छोटासा नेम : कुणी बघत नसताना आपण कोणती चाल गुपचूप मागे घेतो, ते रात्री झोपण्याआधी स्वतःला विचारा. उत्तर दुसऱ्या कुणाला सांगायची गरज नाही. ज्याला कळायला हवं, तो आत बसलाच आहे.

राम कृष्ण हरी!