पत्र्याखालचा उन्हाळा : घर कसे थंड ठेवाल, माणूस कसा वाचवाल?

दुपारी दोन वाजता आपल्या पत्र्याच्या घरात हात वर करून पाहा. पत्र्याला न शिवताही तळव्याला धग लागते. त्याच पत्र्याखाली झोळीत बाळ झोपलेले असते, कोपऱ्यात आजी पडून असते आणि घरातली बाई शेगडीपुढे भाकऱ्या थापत असते. ऊन साऱ्या शहरावर पडते, पण ते सर्वांना सारखे सोसावे लागत नाही. हवामान बदलामुळे उन्हाळे अधिक कडक होत आहेत. ज्या कोळशा-पेट्रोलच्या धुरामुळे हे झाले, त्यात वस्तीतल्या माणसाचा वाटा फारच थोडा. झळ मात्र पहिली त्यालाच. म्हणून उन्हापासून जीव कसा वाचवायचा, हे प्रत्येक घराने शिकून घेतले पाहिजे.

अहमदाबादचा धडा

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. ‘उन्हाळा आहे, म्हातारी माणसे जायचीच’ असे म्हणून शहर गप्प बसले नाही. २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. दक्षिण आशियात अशी योजना आखणारे ते पहिले शहर. कामे साधीच होती : ऊन वाढण्याआधी लोकांना इशारा देणे, डॉक्टर व आरोग्यसेविकांना प्रशिक्षण, पाणपोया, दुपारी बागा उघड्या ठेवणे आणि पुढे वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग. या योजनेमुळे वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्याच शहरातील एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छपराखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला, तेव्हा उष्णतेमुळे आजारी पडणारी नवजात बाळे कमी झाली. बाळे तीच, औषधे तीच; फक्त डोक्यावरचे छप्पर बदलले. आपल्या घराचा विचारही छपरापासूनच करावा लागेल.

आधी छप्पर

पांढरा रंग ऊन परत फेकतो. छपराला पांढरा रंग दिल्यास घरातील तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरू शकते. फेब्रुवारी-मार्चमध्येच हे काम उरका. ऊन परतवणारा खास रंग मिळाला तर उत्तम. नाहीतर चुना चालतो, पण तो पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. सिमेंटचा जुना पत्रा घासू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पत्र्यावर थेट पाय देऊ नका. फळी टाकून, दोघांनी मिळून आणि सकाळीच काम करा. रंग शक्य नसेल तर छपराखाली जुन्या साड्यांचे किंवा बांबूच्या चटईचे आढे बांधा, पण ते शेगडीपासून दूर ठेवा. दुपारी उन्हाच्या बाजूची खिडकी झाका, रात्री हवा खेळू द्या. स्वयंपाक सकाळी लवकर आटोपा.

मग शरीर

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहा. ताक, पेज, लिंबूपाणी, कैरीचे पन्हे हे सारे चांगले. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी देऊ नका. आईचे दूधच अधिक वेळा पाजा. हवा ४० अंशांच्या वर तापली की नुसता पंखा गरम वारा अंगावर फेकतो. अशा वेळी अंगावर ओले कापड घेऊन पंख्याखाली बसा. रक्तदाब, मधुमेह किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी हे डॉक्टरांना विचारा. बिगारी, सफाई आणि कचरावेचणीच्या कामाला जाणाऱ्यांनी जड काम सकाळी उरकावे, डोक्याला ओला रुमाल बांधावा.

उष्माघात ओळखा

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आणि खूप घाम ही पहिली खूण. माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, ओआरएस पाजा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झटका आला, शुद्ध हरपली किंवा अंग तापून लाल झाले, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

वस्तीने मिळून

कोकणपट्टीत पारा विदर्भाइतका चढत नसला तरी दमट हवेत घाम वाळत नाही, आणि शरीर आतून तापते. नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्यावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. आपली भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा याच दिवसांत येतात. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढा. मंडप, पाणी आणि ओआरएस यांची सोय आधी करा, रोषणाई नंतर.

विहार पक्क्या स्लॅबचा आणि हवेशीर असेल तर दुपारी बारा ते चार तो म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि लेकरांसाठी उघडा ठेवा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून प्रत्येक गल्लीत दोन तरुणांनी रोज दुपारी त्यांचे दार वाजवावे. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की फळ्यावर लिहा, भोंग्यावरून सांगा. महिला मंडळाने आशाताईंना बोलावून एक दिवस प्रात्यक्षिक ठेवावे. पाणी आणि छपरांच्या रंगासाठी नगरसेवक व पालिकेकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. हे मागणे आपल्या हक्काचे आहे.

या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे बसा आणि एवढेच ठरवा : आपल्या गल्लीत दुपारी कोणाचे दार कोण वाजवणार?