रिक्षाला हिसका का बसतो?

रिक्षातून जाताना तुम्ही एक गोष्ट नक्कीच अनुभवली असेल. काही रिक्षावाले काका गिअर बदलतात तेव्हा आपली मान पुढे झुकते आणि लगेच मागे आदळते. दुसऱ्या एखाद्या काकांनी गिअर बदलला, हे केवळ इंजिनाच्या आवाजावरून कळते. अंगाला काहीच जाणवत नाही. रिक्षा तशीच, रस्ताही तोच. मग फरक कशात? हाताच्या कसबात, हे खरेच. पण त्या कसबामागे एक सोपे गणित आहे.

रिक्षा ही स्कूटरच्या कुळातली. इटलीतील पियाज्जिओ कंपनीने १९४६ साली ‘व्हेस्पा’ स्कूटर काढली आणि १९४८ साली त्याच धर्तीवर ‘आपे’ ही तीनचाकी गाडी तयार केली. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी! म्हणूनच आपल्याकडील रिक्षांनाही मोटारीसारखे गोल चाक नसून स्कूटरसारखे हँडल असते. उजवी मूठ पिळली की इंजिनाला इंधन जास्त मिळते. डाव्या मुठीपाशी क्लचची दांडी असते आणि जुन्या पद्धतीच्या रिक्षांत तीच मूठ फिरवून गिअर बदलतात.

आता गणित पाहू. रिक्षाच्या चाकाचा परीघ सुमारे सव्वा मीटर असतो. रिक्षा ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर जात असेल, तर चाक सेकंदाला ४, म्हणजे मिनिटाला २४० फेरे घेईल. समजा, दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे १६ फेरे होतात आणि तिसऱ्यात १० होतात. मग त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,८४० फेरे घेईल, तर तिसऱ्यात त्याने २,४०० फेरेच घ्यायला हवेत. उरलेल्या १,४४० फेऱ्यांचे काय करायचे? हिसक्याचे मूळ या प्रश्नात आहे.

इंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणारा दुवा म्हणजे क्लच. त्यात एकमेकींवर दाबून बसवलेल्या तबकड्या असतात. दांडी दाबली की तबकड्या सुट्या होतात. सोडली की घर्षणाने पुन्हा एकत्र फिरू लागतात. दोन्ही बाजूंच्या गती वेगळ्या असताना दांडी झटकन सोडली, तर घर्षण त्या गती क्षणार्धात सारख्या करू पाहते. इंजिन फार जोरात फिरत असेल तर रिक्षा पुढे उसळते. फार मंद झाले असेल तर रिक्षा मागे खेचली जाते. आपले शरीर मात्र जडत्वामुळे आधीचाच वेग धरून असते. हाच तो हिसका!

मग दांडी अगदी सावकाश सोडली तर? हिसका टळेल, पण तबकड्या बराच वेळ घासून तापतील आणि लवकर झिजतील. त्याचा भुर्दंड रिक्षावाल्या काकांच्या खिशाला. म्हणून खरा उपाय एकच : तबकड्या जुळण्यापूर्वी गती जुळवणे.

अनुभवी चालक हे कसे करतो पाहा. उजवी मूठ सोडता सोडता तो क्लच दाबतो. वरचा गिअर टाकतो. इंजिनाचा आवाज पुरेसा खाली येईपर्यंत क्षणभरच थांबतो आणि क्लच सोडत सोडत पुन्हा इंधन देतो. चढावर खालचा गिअर टाकताना गणित उलटे होते. आता फेरे २,४०० वरून ३,८४० वर न्यायचे असतात. म्हणून क्लच दाबलेला असतानाच तो उजवी मूठ किंचित पिळतो. फेरे मोजायला त्याच्यापाशी वेळ नसतो; त्याचे कान मोजतात.

तीन चाकांमुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्कूटर वळणावर आत झुकते. रिक्षाला तसे झुकता येत नाही. तिचा आधार म्हणजे तीन चाकांचा त्रिकोण, आणि त्याचे टोक पुढे. वळणावर हिसक्यासरशी वेग कमी झाला तर भार पुढच्या चाकाकडे, त्रिकोणाच्या निमुळत्या भागाकडे सरकतो आणि रिक्षा कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून वेग कमी करणे आणि गिअर बदलणे ही कामे वळणापूर्वीच उरकायची.

रिक्षा चालवण्याचा परवाना मिळायला तुम्हांला अजून अवकाश आहे. पण एक प्रयोग आजच करता येईल. पारदर्शक बाटली पाण्याने अर्धी भरा, झाकण घट्ट लावा आणि रिक्षात ती मांडीवर आडवी धरा. बूड मागे, झाकण पुढे. वेग वाढताना पाणी मागच्या बाजूला चढेल, कमी होताना पुढच्या. गिअर बदलताना पाणी किती हिंदकळते ते पाहा.

विजेवर चालणाऱ्या नव्या रिक्षांत बहुधा गिअर बदलावेच लागत नाहीत, कारण विजेची मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच भरपूर जोर देते. पण गिअरच्या रिक्षात आजारी आजीला दवाखान्यात नेताना बाटलीतले पाणी संथ राहिले, तर उतरताना त्या काकांना आवर्जून सांगा, “काका, गिअर छान बदलता!”