तोडणी कामगारांची मुले आणि आपली शाळा



लागणीनंतर महिन्याच्या आत नांग्या भरा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. उशिरा भरलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत दबते. मग कितीही खत घाला, ते बरोबरीला येत नाही. तोडणी कामगारांच्या पोरांचे शाळेच्या बाबतीत असेच होते.

हिशेब करून पाहा. शाळा जूनमध्ये भरते. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागातून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे पहिले सत्र गावी आणि दुसरे फडावर. इथे थोरली मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, मुलगा आईबापाला हात लावतो. दोन-तीन हंगाम असे गेले की शाळा सुटते व कोयता हाती येतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. घेतलेली उचल टनामागच्या मजुरीतून फिटते. काट्यावरची पावती व मुकादमाची वही ज्याला वाचता येत नाही, त्याला आपली बाकी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. बाकी राहिली की पुढल्या हंगामाला पुन्हा तोच फड. तेव्हा मुलाचे शिक्षण हा त्या घराच्या हिशेबाचाच प्रश्न आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो आणि दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिवाय मुलांना मागे ठेवून शिकवता यावे म्हणून राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली.

पुष्कळ सभासद म्हणतात, "साहेब, पोरं त्यांची, आम्ही काय करायचं?" करण्यासारखे आहे ते असे :

१. टोळी उतरताच ६ ते १४ वयाच्या मुलांची नावे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवा.

२. गावच्या शाळेचे शिक्षण हमी पत्रक असेल तर बरोबर द्या. नसले तरी मूल शाळेत पाठवायला सांगा.

३. टोळी दुसऱ्या गटात हलली तर तिथल्या सभासदास निरोप द्या.

४. आपल्या फडात मुलांना मोळ्या उचलायला लावू नका.

५. वजनाची पावती कामगारास वाचून दाखवा.

यात पैसा लागत नाही, थोडी धावपळ लागते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच हे काम उरकावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी