गंजलेले बोल्ट सोडविताना

डिचोली तालुक्यातील सुर्ला व आसपासच्या गावांत जून ते सप्टेंबर या महिन्यांत मुसळधार पाऊस पडतो. या काळात पडून राहिलेला पाण्याचा पंप वायंगणाच्या शेतीसाठी उघडावयास घेतला की, तांबड्या मातीने माखलेले बोल्ट जागचे हलत नाहीत. अशा वेळी घाईने जोर लावल्यास बोल्टाचे डोके गोल होते, किंवा पंपाचा बिडाचा कान फुटतो. पंप बंद राहतो आणि रोप पाण्यावाचून सुकू लागते. म्हणून जोराआधी धीर, हा या कामाचा पहिला नियम होय.

लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक होते. त्यामुळे आट्यांतील बारीक फट भरून जाते व बोल्ट आवळला जातो. प्रथम तारेच्या ब्रशाने माती व गंज काढावा. नंतर गंज सोडविणारे पातळ तेल आट्यांच्या मुळाशी सोडून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. त्या कंपनाने गंजाची पकड ढिली होऊन तेल आत उतरते.

पाना नेमक्या मापाचा असावा. १७ मि.मी.च्या डोक्यावर ११/१६ इंची पाना बसतो खरा. परंतु तो सुमारे १७.४६ मि.मी.चा असल्याने कोपरे झिजवितो. उघड्या पान्यापेक्षा रिंग पाना बरा. बोल्ट आधी किंचित आवळावा, मग सैल करावा. अडल्यास पुन्हा थोडा आवळून सोडवावा. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो निसटल्यास बोटांना इजा होते.

डोके गोल झालेच, तर समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने सपाट कराव्यात. १९ मि.मी.चे डोके असे घासून १७ मि.मी.चा पाना चढविता येतो. आतून षट्कोनी खाच असलेल्या स्क्रूची खाच झिजल्यास डोक्यावर करवतीने सरळ चीर पाडून तो रुंद स्क्रू-ड्रायव्हरने फिरवावा. शेवटचा उपाय म्हणून नट छिन्नीने फोडावा. त्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा अवश्य असावा. तेल लावलेल्या बोल्टाजवळ ज्योत नेऊ नये.

नवा बोल्ट बसविताना आट्यांना ग्रीस लावावे. मे महिन्यात घेतलेली ही काळजी पावसाळ्यानंतर शेताच्या उपयोगी पडते.