पंचावाचून खेळ

मैदानावरचा खेळ म्हटला की खेळाडूंबरोबर पंचही आलाच. फलंदाज बाद झाला की नाही, हे क्रिकेटचा पंच ठरवतो. कबड्डीत खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला का, हेही पंचच पाहतो. त्याचा निर्णय कोणाला रुचो वा न रुचो, तो सर्वांना मानावा लागतो. परंतु जगात असाही एक खेळ आहे की, ज्याच्या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांतही निर्णय देणारा पंच नसतो. नियमभंग झाला तर तो खेळाडूंनीच सांगायचा, खेळाडूंनीच कबूल करायचा आणि त्यावरून उठलेला वादही खेळाडूंनीच मिटवायचा. या खेळाचे नाव अल्टिमेट. तो फ्रिसबीने, म्हणजे हवेत तरंगत जाणाऱ्या प्लास्टिकच्या तबकडीने खेळतात.

हा खेळ फार जुना नाही. १९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कूलमधील विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. शाळेच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेत, रात्री दिव्यांच्या उजेडात ही मुले खेळत असत. पुढे तो महाविद्यालयांत गेला. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांत सामना झाला व रटगर्सने तो २९ विरुद्ध २७ गुणांनी जिंकला. आज अनेक देशांत हा खेळ खेळला जातो. २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली.

खेळाची रीत सोपी आहे. प्रत्येक संघाचे ७ खेळाडू मैदानात उतरतात. मैदान १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही टोकांना १८ मीटर लांबीचे एकेक अंतिम क्षेत्र आखलेले असते. तबकडीचे वजन १७५ ग्रॅम असते. ती हाती आल्यावर धावायचे नाही. एक पाय जागी रोवून ती सहकाऱ्याकडे फेकायची. अशा रीतीने पुढे नेत नेत ती समोरच्या अंतिम क्षेत्रात सहकाऱ्याने झेलली की एक गुण मिळतो. मध्येच ती जमिनीवर पडली किंवा प्रतिस्पर्ध्याने झेलली, तर ती दुसऱ्या संघाकडे जाते. प्रतिस्पर्ध्याला धक्का देणे, ओढणे किंवा अडवून धरणे यांस पूर्ण मनाई असते.

तबकडी हातात आलेल्या खेळाडूने ती दहा मोजून होण्यापूर्वी फेकली पाहिजे. हे अंक मोजतो कोण? त्याच्यासमोर उभा राहिलेला प्रतिस्पर्धीच! ज्याला वेळ लवकर संपायला हवा आहे, त्याच्याच हाती वेळ मोजण्याचे काम दिलेले आहे. दोन अंकांत निदान एक सेकंदाचे अंतर ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. त्याने घाईने मोजले, तर फेकणारा त्याला तसे सांगतो. मग खेळ न थांबवता मोजणाऱ्याने शेवटी उच्चारलेल्या अंकातून एक वजा करून पुढे मोजायचे. म्हणजे ‘पाच’ म्हटल्यावर तक्रार आली, तर त्याने पुन्हा ‘चार’पासून मोजावे. घाईने मिळवलेले तर जातेच, वर थोडे अधिक जाते.

धावपळीच्या खेळात चुका होणारच. रोवलेला पाय कधी जागेवरून सरकतो. प्रतिस्पर्धी तसे सांगतो. मग पाय जेथे असायला हवा होता तेथे पुन्हा रोवून खेळ पुढे चालू होतो. कधी एखाद्याच्या मागे धावणाऱ्या बचावपटूच्या वाटेत तिसराच खेळाडू येतो. तेव्हा बचावपटू ‘पिक’ असे ओरडतो, खेळ थांबतो आणि अडथळा आला नसता तर तो जेथे असता तेथे त्याला जाऊ देतात. परंतु अंगाला अंग लागून एखाद्याच्या खेळात बाधा आली, तर तो फाउल होय. ज्याच्यावर फाउल झाला, त्यानेच तो पुकारायचा असतो. इतरांनी त्याच्या वतीने ओरडायचे नाही.

या सर्व नियमांच्या मुळाशी एक विचार आहे. कोणताही खेळाडू नियम जाणूनबुजून मोडणार नाही, हे येथे गृहीत धरलेले असते. म्हणून चुकणाऱ्याला कडक शिक्षा करण्यावर भर नसतो. चूक झाली नसती तर खेळ ज्या स्थितीत असता, शक्य तितक्या त्या स्थितीत तो पुन्हा आणून ठेवायचा, एवढाच नियमांचा हेतू असतो.

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन्ही संघांचे १४-१४ गुण झाले आहेत आणि १५ वा गुण मिळवणारा संघ जिंकणार आहे. एकाने लांबवर तबकडी फेकली. अंतिम क्षेत्राच्या थोडे अलीकडे तिच्यासाठी दोघांनी उडी मारली आणि तबकडी खाली पडली. झेलू पाहणारा खेळाडू ‘फाउल’ असे पुकारतो. सर्वजण जागच्या जागी थांबतात. तो म्हणतो, “तबकडी येण्यापूर्वी तुझा हात माझ्या दंडावर लागला.”

आता बचाव करणाऱ्याने काय करावे? शिट्टी वाजवणारा कोणी नाही. प्रेक्षक ओरडत आहेत, सहकारी त्याच्याकडे पाहत आहेत. हात लागला होता की नाही, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. हात लागल्याचे त्याला जाणवले असेल, तर त्याने फाउल मान्य करावा. मग झेलणाऱ्याला त्याच जागी तबकडी मिळते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. आपला हात लागलाच नाही, असे त्याला मनापासून वाटत असेल, तर त्याने तसे शांतपणे सांगावे. दोघांनी आपापली बाजू थोडक्यात मांडावी आणि दुसऱ्याला बोलू द्यावे. ज्याला तो प्रसंग जवळून दिसला असेल, अशा खेळाडूलाही विचारावे. एवढे करूनही एकमत झाले नाही, तर तबकडी मूळ फेकणाऱ्याकडे परत जाते. ती फेक जणू झालीच नव्हती, असे मानून खेळ पुन्हा सुरू होतो.

या तोडग्याचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. दोन प्रामाणिक माणसांनाही एकच गोष्ट वेगवेगळी दिसू शकते. मतभेद झाला म्हणजे दोघांपैकी एक खोटेच बोलत असला पाहिजे, असे नाही. म्हणून येथे कोणालाही खोटे ठरवले जात नाही. चर्चेत आपलीच चूक झाली असे पुकारणाऱ्याच्या लक्षात आले, तर त्याने आपली तक्रार मागे घ्यावी. सहकाऱ्याने चुकीची तक्रार केली, तर ते त्याला स्पष्ट सांगणे हेही चांगल्या खेळाडूचे लक्षण समजले जाते. या वृत्तीला ‘खेळाची भावना’ असे म्हणतात. सामना संपल्यावर प्रत्येक संघ प्रतिस्पर्धी संघाला या भावनेचे गुण देतो. नियमांचे ज्ञान, अंगाला अंग न लागू देण्याची दक्षता, निःपक्षपातीपणा, आत्मसंयम आणि परस्परांशी बोलण्याची रीत या पाच बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात.

एखाद्याने या विश्वासाचा गैरफायदा घेतला तर? ही शंका रास्त आहे आणि खेळाडूंनीही तिचा विचार केला आहे. खेळ चिडीला पेटला तर तो थांबवून दोन्ही संघ एकत्र येतात व बोलून घेतात. जागतिक स्पर्धांत काही वेळा सल्लागार नेमतात. ते आपले मत सांगतात, पण निर्णय खेळाडूंवरच सोडतात. अमेरिकेतील काही स्पर्धांत निरीक्षक असतात व खेळाडूंचे एकमत न झाल्यास त्यांचा निर्णय अंतिम असतो. तेथे २०१२ साली सुरू झालेल्या व्यावसायिक सामन्यांत तर पंचच नेमले गेले. परंतु तेथेही एक नियम राखला आहे. पंचाचा निर्णय चुकून आपल्या बाजूने लागला, तर खेळाडू स्वतः तो आपल्याविरुद्ध फिरवू शकतो. पंच आला तरी खेळाडूची जबाबदारी संपली नाही.

पंचाची नजर मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यात पोचू शकत नाही. ज्याचा हात लागला त्याला मात्र ते जाणवतेच. १४-१४ गुण झालेले असताना “होय, माझा हात लागला” असे म्हणणारा खेळाडू कदाचित तो सामना हरेल. परंतु त्याच्यासारखे खेळाडू आहेत म्हणूनच हा खेळ पंचावाचून चालतो.

शब्दार्थ
अजिंक्यपद – स्पर्धेतील सर्वश्रेष्ठ विजेत्याचे स्थान
नियमभंग – नियम मोडणे
गृहीत धरणे – आधीच खरे मानून चालणे
तोडगा – वाद मिटवण्याचा उपाय
मर्म – मुख्य आशय
रास्त – योग्य

स्वाध्याय
१. अल्टिमेट या खेळात वेळ कोण मोजतो? त्यात विश्वासाची गोष्ट कोणती?
२. फाउल मान्य झाल्यास काय होते? एकमत न झाल्यास काय होते?
३. “येथे कोणालाही खोटे ठरवले जात नाही,” असे का म्हटले आहे?
४. सल्लागार, निरीक्षक आणि पंच यांच्या कामांतील फरक सांगा.
५. तुम्ही मित्रांबरोबर पंचावाचून खेळता, तेव्हा वाद कसा मिटवता? आठ-दहा वाक्यांत लिहा.